आडवं कापड

सियाक नदीकाठी आमच्याकडे नवरीच्या दारात आडवं कापड धरतात. नवऱ्याकडच्यांनी आमच्या कवनाला कवनातच उत्तर दिलं तर वाट मोकळी, नाहीतर कापड धरणाऱ्याला पैशांचं पाकीट. आजची कवनं मीच, नवरीनंच, लिहिली होती. गावातल्या सगळ्या लग्नांची लिहिते तशीच, फुकट. नवऱ्याचे रुस्लानकाका साखरपुड्यातच म्हणाले होते, "लिहिण्याचे कसले पैसे? तोंड सगळ्यांनाच असतं!" तिसऱ्या कवनाला त्यांचं तोंड नुसतंच उघडं राहिलं. "बोला की काका!" कापड ताणत दादा ओरडला. खिडकीतून मीच हळूच उत्तर पुरवावं म्हटलं, तर मलाही सुचेना! इतकं अवघड लिहून बसले होते. शेवटी नवऱ्यानं पाकीट काढलं. दादानं हात पसरला, पण पाकीट त्याच्या डोक्यावरून खिडकीत आलं. "आपल्याला नाही सुचत बुवा. हे लिहिणारीचं!" नवरा हसला. नवरीनं जागचं हलायचं नसतं. मी धावत जाऊन कापडच खेचून काढलं.