गाडी अडली तर

दोन-चार किका वाया गेल्या, पण मग गाडी अशी धडधडली की गल्लीतली कुत्री उठून पळाली. मुंडाशावर हेल्मेट बसेना, म्हणून रामलिंगअप्पांनी मुंडासं सोडून पिशवीत कोंबलं. गाडी दुरुस्त करणारा पंढरी मिस्त्री 'सावकाश जावा' म्हणत होता, त्याच्याकडं त्यांनी वळूनही बघितलं नाही.

पैज होती ना! लेक राजशेखर पुण्याला. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी फोन करायचा आणि तेच तुणतुणं वाजवायचा, की अप्पा, रेणापूरचं घर बंद करा आणि इकडं या. अप्पांचं उत्तर ठरलेलं, मेल्यावर ने. मग बापलेकांची अशी जुंपायची की जेवण गार होऊन जायचं. एकदा लेकाच्या तोंडून 'आता तुम्हाला एकट्यानं होत नाही' असं गेलं, आणि म्हातारा पेटला. म्हणाला, मोटारसायकलवर हदगावला तुझ्या मावशीकडं जाऊन येतो, मग बोल.

राजशेखरला वाटलं, लातूरच्या पुढं काही जात नाहीत. म्हणून तोही बोलून गेला, "वाटेत अडलात आणि मला फोन करावा लागला, तर मुकाट्यानं पुण्याला यायचं. धड परत आलात तर हा विषय जन्मात काढणार नाही."

अप्पा म्हणाले, "हाव. ठरलं."

गाडी कित्येक वर्षं पोत्याखाली झाकलेली होती. बायकोची, शिवकन्याची, कंबर गेली. तिला मागं बसता येईना, तेव्हापासून यांनीही हँडलला हात लावला नव्हता. एकट्यानं बोंबलत फिरायला मी काय टपालवाला हाय का, म्हणायचे.

लातूर ओलांडेपर्यंत पाय गिअर चाचपडत होता. चाकूरपर्यंत गिअर जागेवर सापडायला लागले. अहमदपूरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला, दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली, आणि वारं अंगात शिरलं तसं म्हातारं खुशीत आलं. 'बघ गं, काय पळून राहिली' असं मागं मान वळवून म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. पुढं बराच वेळ त्यांना काही गोड लागलं नाही.

लोह्याला पंक्चर झालं. अप्पांनी चाक स्वतः खोललं, घरंगळत पंक्चरच्या टपरीपर्यंत नेलं, लेकाला फोन केला नाही. टपरीवर माणसं जमली. पाहुणे कुण्या गावचे, वय काय, घरी कोण कोण असतं? आपल्याकडं एवढं विचारल्याशिवाय चहाचा कप पुढं येत नाही. गाव आणि वय अप्पांनी छाती काढून सांगितलं. घरी कोण कोण, याला मात्र 'हायत की समदे' म्हणून वेळ मारून नेली.

रात्र नांदेडला लॉजवर काढली आणि सकाळी भोकर गाठलं. तरुणपणी ज्याच्याबरोबर गाडी पिदडली तो व्यंकट तिथं राहायचा. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेक येऊन हैदराबादला घेऊन गेला, चार महिने झाले. जायला तयारच नव्हते, लेकानं हाताला धरून गाडीत बसवलं. बिचारा व्यंकट, असं म्हणून अप्पांनी किक मारली. पण गल्लीच्या टोकाला थांबून त्यांनी त्या कुलपाकडं पुन्हा एकदा बघितलंच.

हदगावला मेहुणी गंगम्मा ओट्यावरच बसलेली होती, शेजारी बांधलेली बॅग. राहायची धाकट्या लेकाकडं, पण दिवाळीला थोरल्याकडं उदगीरला जायचं होतं. थोरल्याचे बोलावण्याचे फोनवर फोन येत होते. बस दारावरून जात होती. तरी बाई आठवडाभर बॅग बांधून तशीच बसलेली.

अप्पा हसले. म्हणाले, बसमध्ये बसा की, एवढं सोंग कशाला?

"फोनवर बोलावून भागत न्हाई, भावजी," गंगम्मा म्हणाली. "न्यायला यावं लागतं. आपल्या पायानं गेलं की माणूस आश्रित होतं."

बायकांची थेरं, असं म्हणून अप्पांनी तो विषय उडवून लावला. पण रात्री भाकरी त्यांना नीट गेली नाही, अर्धी तशीच ताटात राहिली.

परतीच्या वाटेवर गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही. नांदेडचा मुक्काम आटपून दुसऱ्या दिवशी दुपारी ते चाकूरला चहाला थांबले, तेव्हा राजशेखरचा फोन आला.

"कुठवर आलात?"

"चाकूर. घंट्या-दीड घंट्यात घरी."

लेकानं मनात अंतर मोजलं. मग म्हणाला, "जमवलंत, अप्पा. हरलो मी. आता रोज फोन करून तुमचं डोकं खाणार नाही. पोचलात की एक मेसेज टाका, झालं."

"बघितलंस का बापाला!" अप्पा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की चहावाला दचकला. त्याला त्यांनी सगळी पैज इत्थंभूत ऐकवली, आपण कसं जिंकलो ते दोनदा सांगितलं. चहावाला म्हणाला, लई भारी, आता आरामात राहा घरी. अप्पा 'हाव' म्हणाले आणि बराच वेळ रिकामा कप हातात धरून बसले.

लातूर मागं पडलं. रेणापूरची पाण्याची टाकी दिसायला लागली. गाडी मस्त पळत होती, टाकीत पेट्रोल होतं, उजेडही भरपूर होता. घर अगदी हाकेवर आलं होतं.

अप्पांनी गाडी बाभळीखाली घेतली, चावी फिरवून बंद केली आणि लेकाला फोन लावला.

"राजा, गाडी पार बसली रे," ते म्हणाले. "न्यायला ये."