ड्रायव्हरची सीट

डेस्मंड वारल्यावर त्याची बंद पडलेली मॉरिस गाडी जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या दोस्तांनी हिवाळाभर राबून चालती केली आणि यॉर्कच्या मेळाव्यात त्याच्या बायकोपुढे उभी केली. विनिफ्रेडनं दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवरून हात फिरवला. चामडं करकरीत नवं होतं. “जुनी सीट कुठंय रे?” “भंगारात दिली,” क्लबातला क्लाइव्ह ऐटीत म्हणाला. “पार खचली होती गं. मधोमध हा एवढा खड्डा!” “जडच होता मेला!” विनिफ्रेड म्हणाली. “चाळीस वर्षं बसून बसून पाडला होता त्यानं.” सगळे हसले. मग क्लाइव्हचा चेहरा उतरला. “विनी, माझ्या ध्यानातच आलं नाही गं.” “असू दे. गाडी सुरेख केलीत,” म्हणत तिनं त्याचा हात थोपटला. पण पुढे केलेली किल्ली तिनं घेतली नाही. वळसा घालून ती पलीकडे, नेहमीच्या जागेवर बसली. स्टिअरिंगवर बसायचा धीर कुणालाच होईना.