बारावी खेळाडू

सकाळपासून प्रणिताचा पाय एका जागी ठरत नव्हता. बारा वर्षं भारतासाठी गोलंदाजी केल्यावर विश्वचषकाची फायनल आज पहिल्यांदाच वाट्याला आली होती, आणि कालपासून उजवा हात वर उचलवत नव्हता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

संघ जाहीर व्हायला दहा मिनिटं उरली, तेव्हा ड्रेसिंग रूममधल्या येरझाऱ्या थांबवून ती कोचसमोर उभी राहिली. “सर, खांदा गेलाय. ऋजुताला खेळवा.”

“पुढच्या विश्वचषकाला तू अडतीसची असशील, प्रणिता.”

“माहितेय.”

एकोणीस वर्षांच्या ऋजुताला पहिल्याच षटकात अठरा धावा पडल्या. ती सीमारेषेवर रडवेली उभी राहिली. बाकावर प्रणिताला बसवेना. पाण्याची बाटली घेऊन तीच धावत गेली.

“ताई, तूच हवी होतीस,” ऋजुता पुटपुटली.

“मघापासून मीही तेच म्हणतेय,” प्रणिता म्हणाली. “आता विकेट काढ, म्हणजे मला गप्प बसता येईल.”

ऋजुता डोळे पुसत हसली. पुढच्या षटकात तिने मधली दांडी उडवली. सगळ्यांआधी प्रणिताच ओरडली, आणि मग टॉवेलमध्ये तोंड खुपसून हमसून हमसून रडली.