माकच्या अंदाजाचे वजन

शुक्रवार, १२ जून २००९. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तेक हिनने गार झालेल्या थाळ्यात सुरी घातली आणि ती दुसऱ्याच थराशी अडकली. बारांपैकी हा पहिला, नमुन्याचा थाळा. उरलेल्या अकरांचे पीठ त्याने नुकतेच कालवून ठेवले होते. संध्याकाळी सातला ते अकरा लग्नघरी पोहोचवायचे होते.

मेजापलीकडे त्याची आई गिम निओ बसली होती. वय एक्याऐंशी; घरातल्या सर्वांची ती ‘माक’. तिने एक वडी उचलली आणि वरचा लाल थर चिमटीत धरला. कुई लापिसचे, म्हणजे तांदळाच्या या वाफवलेल्या मिठाईचे, नऊ थर एकेक करून सोलता आले पाहिजेत. मलाक्कातले शेंबडे पोरही ती तशीच खाते. तिसऱ्या थराशी सगळ्याचा लगदा झाला.

“ही कुई आहे की खळ?” माकने विचारले. “लग्नाच्या पत्रिका चिकटवायला पाठव.”

 सोमवारी माक चूल सोडणार होती. त्याआधी दुसऱ्या कुणाच्या हातून नीट थाळा उतरला तर दुकान चालेल, नाहीतर पाटी आपण स्वतः खाली उतरवू, असे तिने सांगून टाकले होते. तेंगकेरा रस्त्यावरचे हे दुकान तिच्या सासूने काढलेले. सासूच्या नावावर भलतेसलते विकणे तिला मान्य नव्हते.

माकने आयुष्यात काही मोजले नव्हते. सगळे अंदाजाने. कुणी माप विचारलेच तर ती म्हणे, “डोळे दिलेत ना देवाने?” म्हणून कारखान्यातून निवृत्त झालेल्या तेक हिनने काटा आणला. रोज सकाळी माकने हात घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर तो पिठाचा डबा, साखरेची बरणी आणि नारळाच्या दुधाचे भांडे यांचे वजन करी. मग ती पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लावायला जाई आणि तो पुढच्या खोलीत बसून वही भरी. अशा एक्केचाळीस सकाळी झाल्या. आकडे रोज वेगळे येत, पण त्याची त्याला चिंता नव्हती. चुका कधी इकडे होतात, कधी तिकडे; सरासरीत त्या एकमेकींना खाऊन टाकतात, हे तो तंत्रनिकेतनात शिकला होता आणि तीस वर्षे कारखान्यात ते खरे ठरले होते. आज त्याने सरासरीबरहुकूम पीठ कालवले आणि बायकोलाही पातेल्याजवळ फिरकू दिले नाही.

“आकडे चुकीचे नाहीत, माक,” तो अखेर म्हणाला. “एकेक ग्रॅम जोखलाय मी.”

“आकडे बरोबरच आहेत.” माकने मान वळवली. “बी लियान, उभी काय राहिलीस? रोज करतेस ते कर.”

दाराशी उभ्या असलेल्या बी लियानच्या हातातून फडके गळाले. या सुनेला माकने बत्तीस वर्षांपूर्वी चेहरा न बघता पसंत केले होते, भिंतीआडून नुसता तिच्या खलबत्त्याचा आवाज ऐकून. तेव्हापासून तिची स्तुती म्हणून एक शब्द काढला नव्हता.

बी लियानने पळीभर पीठ उचलून वरून सोडले. धार बघितली. दोन मुठी तांदळाचे पीठ भुरभुरले, ढवळले, पुन्हा धार बघितली. मग आणखी अर्धी मूठ.

“रोज म्हणजे?” तेक हिनने विचारले.

माकने ओठांवर बोट ठेवले. पातेल्याला वाफ चढली की त्या स्वयंपाकघरात बोलायचे नाही, हा नियम तिच्या सासूपासून चालत आलेला. एकामागून एक नऊ थर शिजले. थाळा उतरला, गार व्हायला ठेवला गेला. बाकीचे थाळे चढत राहिले. शेवटचा खाली येईपर्यंत सव्वातीन वाजले.

तेव्हा माकने बी लियानच्या पहिल्या थाळ्यातली वडी घेतली. लाल थर सुटला, मग पांढरा, मग गुलाबी. नववा तिने खिडकीच्या उजेडात धरला, न्याहाळला आणि तोंडात टाकला.

“हं. आता विचार.”

उत्तर बी लियाननेच दिले. “रागावू नका, माक. तुमची बोटं बधिर झाली होती ना, तेव्हा एकदा पीठ पातळ झालं होतं. तुम्ही उदबत्त्या लावायला गेलात, तेवढ्यात मी मूठभर घातलं. तेव्हापासून बघते, कमी वाटलं की घालते. तुम्हाला वाईट वाटू नये, म्हणून बोलले नाही.”

“त्या दिवशी मी खरंच चुकले होते,” माक म्हणाली. “थाळा कापला नि कळलं, कुणीतरी सावरलंय. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम चुकायला लागले. कधी दूध जास्त, कधी पीठ कमी. रोज निराळं, पण नेहमी पातळच.”

“अहो, मग सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर माझं माप पाठ करून बसली असतीस.”

तेक हिनने वहीकडे पाहिले. “म्हणजे इतके दिवस मी तुझ्या चुका जोखत होतो?”

“फार नीट जोखल्यास हो.”

बी लियानला हसू आवरेना. तेक हिनने मात्र पेन्सिल उचलली. हिशोब अर्धा सोडणे त्याच्या स्वभावात नव्हते.

“किती वर्षं चाललंय हे?”

“अकरा.”

“आणि तुझी चूक हिला सापडली नाही, असं किती वेळा झालं?”

माकला आठवावे लागले नाही.

“दोन.”