भरलेली वाटी

सहाव्या दिवशीही वाटी काठोकाठ भरलेलीच होती.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पिंजऱ्याला नाक लावून पाहिलं. लेक सासरी परत जाताना जिथवर राळ्याचे दाणे भरून गेली होती, तिथून ते सूतभरही खाली गेले नव्हते. आणि सूतभर म्हणजे किती हे मास्तरांना कुणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षं ते लोकांच्या कोटांची मापं घेत आले होते.

"अरे, खा की लेका," ते म्हणाले. "किती दिवस असा रुसून बसणार?"

ठेंगूने मान वळवली नाही. मुठीत मावेल एवढा हिरवा पोपट तो. एरवी शिलाई मशीन सुरू झालं की त्याच्यावर आवाज चढवून भांडणारा. दोन दिवसांपासून मात्र पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून दांडीवर बसून होता.

ठेंगू बायकोचा. त्याला आंघोळ घालायची ती, नखं कापायची ती, आणि त्याच्याशी तासन् तास गप्पा मारायचीही तीच. मास्तरांचा संबंध कुरकुर करण्यापुरता. "तुझं पाखरू आणि माझं कापड एकमेकांपासून लांब ठेव," असं ते दिवसातून एकदा तरी बजावत. पण दवाखान्यातल्या खाटेवरून तिने त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

"अहो, मी येईपर्यंत ठेंगूला उपाशी ठेवू नका हं."

"नाही ठेवत," मास्तर म्हणाले होते. ती काही परत आली नाही. त्यामुळे तो शब्द संपायचा कधी, हेही त्यांना उमगत नव्हतं.

पहिले पंधरा दिवस लेक होती. आईसारखीच ती रोज सकाळी वाटी गॅलरीत न्यायची आणि भरून आणायची. निघताना तिने वाटी काठोकाठ भरली आणि राळ्यांचा डबा मास्तरांच्या मशीनशेजारी ठेवला. तो डबा अजून उघडला नव्हता. भरलेल्या वाटीत आणखी काय ओतणार?

दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"खरं सांगा."

"समोरच्या काकूंनी डबा पाठवलाय. जेवेन."

"आणि ठेंगू?"

"त्यानं तोंड लावलेलं नाही गं. तू गेलीस तेव्हा वाटी होती तशीच आहे."

पलीकडे लेक रडायला लागली. "आईची आठवण येत असेल त्याला. डॉक्टरला दाखवा ना, बाबा."

"आठवणीला डॉक्टर काय करणार?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग ते बराच वेळ पिंजऱ्यासमोर बसून राहिले. त्यांना त्या पाखराची लाज वाटली. बायको गेल्याच्या चौथ्या दिवशी ते मशीनवर बसले होते, गिऱ्हाइकाच्या लग्नाचे कपडे द्यायचे म्हणून. तिच्यासाठी धड रडलेही नव्हते. मी गेले तर तुम्हाला काही वाटायचं नाही, असं ती चिडून म्हणायची, तेव्हा ते हसण्यावारी न्यायचे. आणि हे चिमूटभर पाखरू बघा, अन्न सोडून बसलं होतं.

त्या दिवशी काकूंचा डबा तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशीचाही. एकदा हट्टाला पेटले की मास्तर कुणाचं ऐकणारे नव्हते.

"तू नाही खात ना? मग मीही नाही," ते ठेंगूला म्हणाले. इतक्या वर्षांत ते त्याच्याशी पहिल्यांदाच असं बरोबरीनं बोलत होते.

कोटाचं माप द्यायला आलेल्या बाईंना त्यांनी हाताला धरून वाटी दाखवली. "एक दाणा खाल्ला नाही हो यानं. तिच्या हातचं हवं याला." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि माप द्यायचं विसरून गेल्या. मास्तरांचा ऊर भरून आला. आपल्या बायकोवर एवढी माया करणारं कुणीतरी घरात आहे, याचा त्यांना अभिमान वाटत होता.

सातव्या दिवशी ठेंगू अचानक उठला. वाटीशी जाऊन चोच आत खुपसू लागला, चिवडू लागला, उसकटू लागला. मास्तर आशेने पुढे वाकले. पण तो गिळेना. चोचीत धरायचा, टाकायचा, पुन्हा धरायचा. मग पिंजऱ्याच्या गजाला लटकून त्याने मास्तरांच्या बोटाला चोच लावली, शर्टाचं पांढरं बटण कुरतडू लागला.

"मी ती नाही रे, बाळा," मास्तर म्हणाले. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना रडू फुटलं. पिंजऱ्याला कपाळ टेकून ते पोटभर रडले.

आठव्या दिवशी सकाळी ठेंगू पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला. आता तिला काय तोंड दाखवायचं? पिंजरा छातीशी धरून, पायात चपला घालायचं भान न राहता मास्तर जनावरांच्या डॉक्टरकडे धावले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण ते पोचले तेव्हा उशीर झाला होता.

डॉक्टरांनी ठेंगूला तळहातावर घेतलं, छातीच्या हाडावरून बोट फिरवलं आणि हलकेच टेबलावर ठेवलं.

"काय खायला देत होता?"

"द्यायचा प्रश्नच नव्हता, डॉक्टर. त्यानं अन्नच सोडलं होतं." मास्तरांच्या आवाजात दुःखाबरोबर कौतुकही होतं. "माझी बायको गेली, तिच्या मागोमाग हा गेला. माणसंसुद्धा इतकं करत नाहीत. ही वाटी बघा, आठ दिवस अशीच भरलेली."

डॉक्टरांनी वाटीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"रोज फुंकर मारून बघत होता ना?"

"कसली फुंकर?"

डॉक्टरांनी वाटी पिंजऱ्यातून सोडवली, तोंडाजवळ नेली आणि फुंकली. सोललेल्या दाण्यांची नुसती टरफलं भुरभुर उडाली, टेबलभर पसरली. वाटीत एकही दाणा नव्हता.