काचऱ्यांचा बर्गर

"नव्या हायवेनं एव्हाना पोचलो असतो, बाबा," असं कुरकुरत लेकीनं गाडी जुन्या रूट ६६ वरच्या खानावळीपुढे उभी केली.

मुकुंदराव थेट खिडकीजवळच्या त्याच बाकावर जाऊन बसले. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीत इथल्या सगळ्याच पदार्थांत मांस निघालं, तेव्हा कुमुद पदर खोचून भटारखान्यात शिरली होती आणि बर्गरमध्ये बटाट्याच्या काचऱ्या भरून घेऊन आली होती. तिला जाऊन आता वर्ष झालं.

"बर्गर द्या, पण मांसाऐवजी परतलेला बटाटा... जमेल?" त्यांनी बिचकत विचारलं.

पोरसवदा वेट्रेसनं मागे वळून हाक दिली, "एक कुमुद!"

"आली, आली कुमुद!" आतून आचारी ओरडला.

मुकुंदराव नकळत खिडकीकडे सरकले. शेजारी तिच्यापुरती जागा झाली.