माळावरचा उंबर

भोंगवलीच्या त्या माळावर खैर आणि बाभळीखेरीज कशाचंच मूळ धरत नव्हतं. पाण्याची सगळी झाडं खाली ओढ्याच्या कडेला. वर ऐन उतारावर मात्र एकच उंबर भर उन्हाळ्यातही हिरवागार उभा होता.

"जिथं उंबर तिथं झरा," पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून सांगितलं. कुमारनं बोअरची गाडी थेट उंबराच्या बुडाशी आणून लावली.

त्याची आई, बनाबाई, दोनदा आडवी आली. "हितं नगं, कुमार. दुसरीकडं कुठंबी घे."

"आये, पाण्याची खूण समोर दिसतीया आन तू मोडता घालती व्हय?"

मशीन सुरू झालं, तसं तिचं बोलणं तिलाच ऐकू येईना. ती तिथंच जमिनीवर हात टेकून बसली.

संध्याकाळपर्यंत नुसता फुफाटा निघाला. गाडी निघून गेली. धुळीनं पांढराफटक झालेला कुमार आईशेजारी येऊन बसला. "पाण्याबिगर उंबर जगत न्हाई म्हनत्यात. मग ह्यो कसा जगला?"

"म्या जगवला. तुमी उठायच्या आत रोज हंडाभर पानी वतत आले." बनाबाई भोकाभोवतीचा फुफाटा हातानं हळूहळू सारखा करत होती. "तुझ्या आदी मला एक लेक झाली हुती. बारशाआदीच गेली. तिला हितं पुरलं, तवा वर कसलीच सावली नव्हती."